बंदरातले सात तास

क्रूझच्या जहाजाच्या वेळापत्रकात प्रत्येक बंदरापुढे ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ असं छापलेलं होतं. तिकीट काढलं तेव्हा मी ते नऊ तास धरले. पण आठला जहाज धक्क्याला लागतं, तिथले अधिकारी कागदपत्रं तपासून परवानगी देतात, मग गँगवे, म्हणजे जहाजातून उतरायची वाट, उघडतो आणि त्यापुढे रांग असते. पाय जमिनीवर पडेपर्यंत पावणेनऊ होतात. संध्याकाळी सगळ्यांनी जहाजावर हजर असण्याची वेळ साडेचारची, पाचची नाही. वाटेत अडकलो तर म्हणून आणखी पाऊण तास सोडायचा. उरतात सात तास. कॅरिबियनमधली कुठलीही सहल निवडायची ती या सात तासांत, आणि हे मला पहिल्या बंदरानंतर कळलं.

आम्ही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मायामीहून निघालो. मी, नवरा आणि आई. सात रात्रींत जमैकातलं ओचो रिओस, ग्रँड केमन बेटावरचं जॉर्जटाऊन, मेक्सिकोतलं कोझुमेल आणि परतीच्या वाटेवर बहामामधलं जहाजकंपनीचं खासगी बेट. आई ६९ वर्षांची. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पोहता येत नाही, पण “मी जहाजावर बसून राहणार नाही” हे तिने आधीच बजावलं होतं. (भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी. अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. जहाज देश सोडून जातं आणि आठव्या दिवशी पुन्हा प्रवेश करावा लागतो.)

सहलींची यादी दोन महिने आधीच जहाजकंपनीच्या साइटवर दिसते, आणि ती वाचताना भूक लागल्यासारखं होतं. प्रत्येक बंदराला कित्येक पर्याय. ओचो रिओससाठी मी ‘तीन ठिकाणं एका दिवसात’ अशी सहल घेतली: मळा, बाजार आणि डन्स रिव्हरचा धबधबा. जहाजाकडूनच घेतली, कारण पहिलंच बंदर, मनात धाकधूक होती. जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. आपण स्वतः ठरवलेल्या गाडीने गेलो आणि उशीर झाला तर थांबत नाही. केबिनच्या तिजोरीतले पासपोर्ट बंदरातल्या एजंटाकडे ठेवून ते निघून जातं आणि पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठावं लागतं. या भीतीपोटी माणूस वर्णन नीट न वाचता पैसे भरतो. मीही तेच केलं.

बस मोठी होती. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी उशिरा येई आणि आम्ही सगळे काचेतून बाहेर बघत बसायचो. बाजाराचा थांबा म्हणजे एकच मोठं दुकान निघालं, तिथे पन्नास मिनिटं गेली. धबधब्यापाशी पोचलो तेव्हा गाइडने हातात तासाभराचीही वेळ दिली नाही. आणि धबधबा तर सगळ्या दिवसाचं कारण होता! जवळजवळ १८० मीटर लांब, दगडांच्या नैसर्गिक पायऱ्यांवरून उतरत थेट समुद्राला मिळणारा. लोक खालून वर चढतात, एकमेकांचे हात धरून, माणसांची साखळी करून. पाणी थंडगार आणि वर झाडांचं छत. नवरा साखळीत गेला. आईसाठी मी बाजूच्या बांधलेल्या पायऱ्यांनी निघाले. त्यांना मधे मधे कठडे आहेत, तिथून धबधबा हाताच्या अंतरावर दिसतो. आईला हे सगळं आवडलं असतं. पण अर्ध्या वाटेत परतायची शिट्टी झाली. ती काही बोलली नाही, फक्त कठड्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिली. ते मला अजून खुपतं. धबधबा बंदरापासून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. लाल नंबरप्लेटची परवानाधारक टॅक्सी केली असती तर अख्खी सकाळ तिथे मिळाली असती.

ओचो रिओस म्हणजे स्पॅनिशमध्ये आठ नद्या, पण तिथे आठ नद्या नाहीत. स्पॅनिश लोक या भागाला धबधब्यांवरून ‘लास चोरेरास’ म्हणत, इंग्रजांच्या तोंडी त्याचं हे झालं. मळ्यावर जेवायला ‘करी गोट’ होतं. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल हंटर’ नावाच्या जहाजातून पहिले भारतीय करारबद्ध मजूर जमैकाच्या ओल्ड हार्बर बे इथे उतरले, त्यांच्या मागोमाग मसाला आला आणि बोकडाचं कालवण या बेटाचंच झालं. आई मटण खात नाही. पण वास घेऊन म्हणाली, “हळद आहे ग यात.” त्या सहलीतला तेवढा एक क्षण माझ्यासाठी पुरेसा होता.

त्या रात्री केबिनमध्ये मी पुढच्या दोन्ही सहलींची वर्णनं काढून बसले. वर्णनाच्या शेवटी बारीक अक्षरात असतं तेच खरं: किती चालणं, पायऱ्या किती, पाण्यात उतरायला शिडी आहे का, बसमध्ये किती वेळ. केमनसाठी मी घरूनच एका स्थानिक छोट्या बोटीची जागा राखून ठेवली होती, सोळा माणसांची. कोझुमेलसाठी मात्र जहाजाची टुलुम या प्राचीन माया लोकांच्या शहराची सहल होती.

केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज जॉर्जटाऊनसमोर नांगर टाकतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना नंबराची चिठ्ठी. म्हणून मी सकाळी आठची नाही, दहाची फेरी घेतली होती. समुद्र खवळलेला असेल तर टेंडर निघतच नाहीत आणि बंदर रद्द होतं. जहाजाची सहल असेल तर पैसे आपोआप परत येतात. बाहेरच्या माणसाकडून मी आधीच ईमेलवर लिहून घेतलं होतं, जहाज लागलंच नाही तर सगळे पैसे परत. हे विचारायला संकोच वाटू देऊ नये.

आणि घड्याळ! मायामीत मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात. जमैका, केमन आणि कोझुमेल इथे वर्षभर एकच वेळ. आमचं जहाज मायामीच्या वेळेवर चाललं होतं. किनाऱ्यावर फोनला नेटवर्क मिळालं की तो आपोआप स्थानिक वेळ दाखवी, म्हणजे फोनमध्ये साडेतीन वाजले की जहाजावर साडेचार झालेले असत. बोटवाल्याने दिलेले दहा स्थानिक होते, जहाजाचे अकरा. नवऱ्याने साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावलं आणि आठवडाभर त्याला हात लावला नाही.

आमची बोट निघाली ती स्टिंगरे सिटीला. स्टिंगरे म्हणजे चपटा पाकट मासा. तिथला वाळूचा उथळा नॉर्थ साउंड या खाडीत आहे. पूर्वी कोळी बाहेरच्या समुद्रातून येऊन इथल्या शांत पाण्यात मासे साफ करत, उरलंसुरलं पाण्यात टाकत. स्टिंगरेंना बोटीच्या इंजिनाच्या आवाजाची सवय लागली ती तिथून. आता कोळ्यांच्या जागी आपण येतो आणि ते तसेच येतात. किनारा दूर, चहूकडे निळं पाणी, आणि त्याच्या मधोमध माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी. पोहता न येणाऱ्या माणसाला समुद्राच्या मध्यात उभं करणारी अशी जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

आई शिडीच्या वरच्या पायरीवर थांबली. चपला बोटीतच ठेवायच्या होत्या. बोटीवरच्या मुलाने सांगितलं, पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूवरून घासत सरकवायचं, म्हणजे खाली कुणी दडलेलं असेल तर ते बाजूला होतं. शेपटीशी काटा असतो, पाय पडला तरच तो वापरतात. नवरा आधी उतरून म्हणाला, “आई, माझा हात धरा. पाणी तुमच्या कमरेपर्यंतच आहे.” ती उतरली. पाय घासत चार पावलं गेली. आणि एक मोठी मादी, चांगली टेबलाएवढी, तिच्या मांडीला घासून गेली. आईने हात पाण्यात धरला तसाच ठेवला. दुसऱ्या फेरीला त्या पाठीवरून तिचा हात फिरला. “ओल्या मखमलीसारखं आहे,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ कुणाशी बोलली नाही. त्यांना पाण्याबाहेर उचलायला कायद्याने बंदी आहे. मला ते फार बरं वाटलं. प्राणी आपल्यापाशी येतो, मनात येईल तेव्हा जातो, आणि आपण फक्त उभं राहायचं.

परतताना जॉर्जटाऊनमध्ये कॉफी घेतली. एक केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन डॉलर, दरफलक वाचताना हे लक्षात ठेवावं.

राहिलं कोझुमेल. टुलुमचं मला लहानपणापासून वेड, समुद्राच्या कड्यावरचं ते माया शहर. पण टुलुम कोझुमेल बेटावर नाही, मुख्य भूमीवर आहे. आधी प्लाया देल कार्मेनपर्यंत पाऊण तास फेरीबोट, मग जवळपास तासभर बस, आणि तेवढंच परत. सातातले साडेतीन तास वाटेतच, वर ती फेरी चांगली हलते. मुदत संपण्याआधी मी ती सहल रद्द केली. डोळ्यांत पाणी आलं हे खरं आहे.

त्याऐवजी धक्क्यावरून टॅक्सी घेतली. इथे टॅक्सीला मीटर नसतो, ठरलेले दर फलकावर असतात. ते वाचून, परतीची वेळ ठरवून आम्ही बेटाच्या मधल्या रानातल्या सान हेर्वासियोला गेलो. हे इश्चेल देवीचं ठिकाण. चंद्राची, सुईणपणाची, विणकामाची देवी. मुख्य भूमीवरच्या बायका होड्यांतून हा समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला येत. बुटक्या दगडी इमारती, त्यांच्यामधून जाणारी माया लोकांची पांढरी वाट, उन्हात पडलेल्या घोरपडीसारख्या इग्वाना. ‘लास मानितास’ नावाच्या वास्तूच्या भिंतीवर लाल हातांचे ठसे आहेत, लहान लहान. आई त्यांच्यापुढे उभी राहिली. “आपल्याकडे वास्तुशांतीला लावतात तसेच,” म्हणाली, आणि चपला काढल्या. आम्ही तिथे दीड तास होतो. कुणी शिट्टी वाजवली नाही.

दुपारी नवरा स्नॉर्केलिंगला गेला. कोझुमेलचे प्रवाळ १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहेत. सनस्क्रीन लावून पाण्यात उतरू देत नाहीत, म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट लागतो. आम्ही दोघी किनाऱ्यावर सावलीत बसलो.

साडेचारला आम्ही डेकवर होतो. टुलुमवाल्यांची फेरी उशिरा आली, जहाज त्यांच्यासाठी थांबलं. ती माणसं उन्हाने लाल झालेली, दमलेली आणि खूश होती. त्यांनी समुद्राच्या कड्यावरचं मंदिर पाहिलं होतं. मी अजून पाहिलेलं नाही.

शेवटच्या दिवशी बहामाच्या बेटावर टेंडरमधून उतरताना आईने विचारलं, “इथे काय ठरवलंयस?” काहीच ठरवलेलं नव्हतं. तिने पदर खोचला, चपला माझ्या हातात दिल्या आणि वाळूवर पाय घासत घासत एकटीच पाण्यात गेली, गुडघाभर, मग मांडीभर. तिथे स्टिंगरे नव्हते.