हे धोंडस झालं, केक नाही

भिशीत डबा फिरला की तो परत यायच्या आत प्रश्न येतो : "मैदा-साखर न घालता लहानपणीचा तो मावा केक घरी होतो का हो?" लिफ्टमध्येही विचारतात. सातव्या मजल्यापर्यंत जेवढं सांगून होतं तेवढं सांगते, उरलेलं आज लिहिते. तुम्ही विचारलंत म्हणून.

होत नाही. मी जवळजवळ दीड वर्ष करून पाहिलं.

आधी 'तो' केक म्हणजे कुठला ते सांगते. आम्ही रत्नागिरीचे. बाबा कामासाठी मुंबईला जायचे आणि ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या बी. मेरवानमधून मावा केक आणायचे. १९१४ सालचं इराण्याचं दुकान ते. केक रातराणीने यायचे, त्यामुळे पहाटेपर्यंत अर्धे चेपलेले असायचे. कागदावर तुपाचे डाग. वर तांबूस, मध्ये थोडासा उकललेला, आणि पिशवी उघडताच वेलचीचा वास. एरवी आमच्या बाजारातल्या बेकरीतले टुटीफ्रुटीचे चौकोनी तुकडे होतेच, पण ते रोजचे. बाबांनी आणलेल्या केकसाठी मी तोंड न धुता बसायचे.

पहिल्यांदा करताना मी सगळंच एकदम बदललं. मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ, लोण्याऐवजी तेल, अंड्याऐवजी दही. केक फुगला, शिजला, वासही बरा होता. आईला दिला. तिने एक घास खाल्ला, बोटांनी दुसरा तुकडा दाबून पाहिला आणि म्हणाली, "चांगलं झालंय गो. पण हे धोंडस झालं, केक नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : धोंडस म्हणजे कोकणात पावसाळ्याच्या शेवटी जून झालेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून करतात ते. पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. आईचं बरोबर होतं. तोच दमटपणा, तोच गुळाचा काळपट गोडवा. मला मात्र दोन दिवस राग होता.

राग गेल्यावर एकेक जिन्नस बदलून पाहिला, आणि कोण कुठे अडतं ते कळलं. साखर फक्त गोडीसाठी नसते. लोण्यात साखर फेसताना तिचे खडे लोण्यात हवेच्या बारीक बारीक जागा करतात आणि केकचा हलकेपणा तिथून येतो. गूळ ओला, तो लोण्यात नुसता मिसळून जातो. शिवाय गूळ म्हणजे काही औषध नव्हे. त्यात लोह वगैरे असतं, पण केकच्या एका तुकड्यात जेवढा जातो त्यातून कुणाचं हिमोग्लोबिन वाढायचं नाही, आणि मधुमेहाला तर साखर काय, गूळ काय, सारखंच. म्हणून मी साखरच घालते, फक्त कमी. मूळ प्रमाणात २०० ग्रॅम होती, ती १३० वर आणली. त्याखाली गेलं की केक कोरडा पडतो, वर रंगही धरत नाही.

कणकेचं वेगळं. चक्कीच्या पिठाला पाणी जास्त लागतं आणि कोंडा केकची जाळी तोडतो. पूर्ण कणकेचा केक घशात बसतो. निम्मी कणीक मात्र खपून जाते, अट एकच : ती बारीक चाळणीने चाळून अर्धा तास दुधात भिजवून ठेवायची आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी मैद्याबरोबर घालायची. आधी घातली तर तिचा जोर वाटीतच संपतो.

तडजोड करत नाही ती वनस्पती तुपावर. लहानपणी बेकरीतला तुकडा खाल्ला की टाळूला एक मेणचट थर बसायचा, आठवतं? तो त्याचाच. स्वस्त, लवकर खवट न होणारं, म्हणून वापरायचे. २०२२च्या जानेवारीपासून तेला-तुपातल्या कारखानी ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला वाईट अशा चरबीवर, २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी माझ्या घरात ते येत नाही. निम्मं बिनमिठाचं बटर, निम्मं साजूक तूप. नुसत्या तुपाने केक भुसभुशीत होतो.

तर आता माझं प्रमाण, बारा लहान केकचं : ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम तूप, १३० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम खवा, दोन अंडी, ६५ ग्रॅम मैदा, ६५ ग्रॅम कणीक, लहान चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा ताजी कुटलेली वेलची, चिमूट मीठ, कणीक भिजेल एवढं दूध. १७५ अंशांवर वीसेक मिनिटं. खवा घरी आटवते. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाचा एवढा सहज निघतो, आणि कढईच्या कडेला लागलेली खरवड कुणाला द्यायची गरज नाही.

टुटीफ्रुटीही करून पाहिली. ती मुळात कच्ची पपई, साखरेच्या पाकात शिजवून रंगवलेली. मी बिटाच्या रसाने रंगवली. पाकात इतकी देखणी दिसत होती! ओव्हनमधून बाहेर आली तेव्हा विटकरी-तपकिरी, बिटाचा रंग उष्णतेला टिकत नाही. भाच्याने सगळे तुकडे उपसून ताटलीच्या कडेला ओळीने मांडले. आता मी मनुका घालते, किंवा काहीच नाही.

आणि मैदा-साखरेशिवायच हवं असेल तर सरळ धोंडस करा. काकडी आता बारा महिने मिळते आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर छान होतं. ते कुणाची नक्कल नाही, त्याच्याकडून मावा केकची अपेक्षाही कुणी करत नाही. शेजारच्या गोव्यात रवा आणि नारळाचा बाथ नावाचा केक करतात, तोही असाच आपल्या पायावर उभा.

एक राहिलंच. मध्ये मी सिलिकॉनचे साचे आणले होते. धुवायला सोपे, केक सुळ्ळकन निसटतात. आईने उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "कागद कुठाय?" मी म्हटलं, लागत नाही आता. ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला मी कागदाच्या वाट्या आणल्या. तिने केक संपवला, कागद सपाट केला, चष्मा वर सरकवला आणि कडेला चिकटलेला चुरा दातांनी खरवडून खाल्ला.