फणसाची काथवट: ओल्या ओंडक्यापासून तेलाच्या हातापर्यंत

काथवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, लेथवरून (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावरून) उतरली. बाहेरचा व्यास साडेसतरा इंच, खोली पावणेचार, कडेची जाडी पाऊण इंच. तेलाचे दोन हात झाले, तिसरा वाळतोय. ओल्या लाकडातून एवढं मोठं भांडं काढायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतो.

लाकूड दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या फणसाचं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याचा अर्धा पसारा मोडला आणि उरलेलं खोड कौलांकडे झुकलं. २०२४ च्या वैशाखात ते उतरवावंच लागलं. आमच्या घराची दारं-चौकटी फणसाचीच आहेत. या लाकडाच्या पक्क्या भागाला वाळवी सहजासहजी लागत नाही, हे कोकणात सांगायला नको. बुंध्याकडचा तुकडा मी मागून घेतला, कारण आजीची काथवट चिरली होती आणि पत्र्याची पट्टी ठोकून आई ती चालवत होती. झाडाची आठवण म्हणून कपाटात मिरवायचं भांडं मला करायचं नव्हतं. जी वस्तू रोज पिठात आणि पाण्यात जाते तीच घरात टिकते, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे पुढचं प्रत्येक माप भाकरीवरून ठरलं.

ओंडका पडल्या पडल्या दोन्ही टोकांना मेण फासलं. टोकांतून पाणी सगळ्यात भराभर उडतं आणि भेगा तिथूनच आत शिरतात. मग चेनसॉने खोड उभं चिरून मधला गाभा पट्टीसारखा काढून टाकला. गाभा भांड्यात राहिला की तडा ठरलेला. साल काढताना हाताला आधी खोबरेल चोळा, नाहीतर चीक दिवसभर सुटत नाही. काथवटीचं तोंड मी गाभ्याच्या बाजूला ठेवलं आणि बूड सालीच्या. सालीलगतचं कच्चं पांढरं लाकूड तासून टाकल्यावरही बुडाला भरपूर पक्कं लाकूड उरलं.

ठोकळा १५ किलोच्या पुढे होता. फेसप्लेट, म्हणजे ठोकळा लेथला धरून ठेवणारी तबकडी, जाड स्क्रूंनी बसवली. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू इथे अजिबात वापरू नका, ते ठिसूळ असतात आणि धक्क्याला डोकं तुटतं. माझ्या लेथच्या बेडवर एवढा व्यास मावत नाही, म्हणून हेडस्टॉक (ठोकळा फिरवणारं लेथचं डोकं) वळवून बाहेरच्या बाजूला काम केलं. सुरुवात मिनिटाला २५० फेऱ्यांवर, ठोकळा गोल झाल्यावर ४०० च्या आसपास. इंचातला व्यास गुणिले मिनिटाच्या फेऱ्या हा आकडा ६००० ते ९००० च्या मध्ये ठेवायचा, हा जुना हिशोब मोठ्या भांड्याला नीट लागू पडतो. आपल्या चेहऱ्यावर पूर्ण ढाल, आणि चालू करताना ठोकळ्याच्या रेषेत उभं राहायचं नाही.

ओला फणस कापायला फार गोड. गाउजमधून (पन्हळीच्या आकाराच्या पटाशीतून) पिवळ्याधमक लांब सालट्या सुटतात आणि शेडभर वास दरवळतो. बाहेरून बुडाकडून कडेकडे, आतून कडेकडून मध्याकडे, म्हणजे लाकडाच्या रेषा नेहमी मागून आधार देत राहतात. भिंत व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी जाड सोडली, पावणेदोन इंच. लाकूड आक्रसताना वेडंवाकडं होणारच. पुन्हा गोल करायला तेवढं मांस शिल्लक हवं.

हा कच्चा आकार मी आईपुढे ठेवला. तिने आजीच्या सवयीप्रमाणे एक पाय दुमडून बैठक मारली, पीठ न घेताच दोन्ही हात आत फिरवले आणि म्हणाली, "अरे, कड एवढी उभी कशाला? मनगट आपटतंय माझं. आणि तळ सपाट हवा, भाकरी थापायची कुठे?" मग जुनी काथवट उलटसुलट करून दोघांनी मापली. तिच्या आत नऊ इंचांचा जवळजवळ सपाट तळ होता आणि तिथून कड इतकी सावकाश चढत होती की तळहाताची टाच पीठ रगडत थेट काठापर्यंत जाई. बाऊलचा जो खोल, एकसंध गोल बाक आपण सगळे गिरवतो तो इथे कामाचा नाही. पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला आणि शेवटपर्यंत तोच लावून पाहत राहिलो. बाहेरचं बूडही दहा इंचांचं ठेवलं. रगडताना जोर एका बाजूला पडतो, अरुंद बुडाचं भांडं डोलतं.

मग वाळवण. वर्तमानपत्रात गुंडाळून, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात, वजन काट्यावर घालत. पहिल्या आठवड्यांत वजन झरझर उतरलं, आषाढ-श्रावणात जागेवर थांबलं, एकदा तर थोडं चढलंही. कोकणच्या पावसात हे असंच होणार. लाकूड हवेतलं पाणी परत ओढून घेतं. दिवाळीनंतर उतार पुन्हा सुरू झाला आणि फाल्गुनात काटा स्थिर झाला. तोवर तोंड लंबगोल झालं होतं: रेषांच्या दिशेने व्यास होता तेवढाच, आडवा अर्धा इंच कमी. भेग एकही नाही.

चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायचा बुडाचा खुंटही लंबगोल होतो, तो आधी गोल करावा लागतो. फेसप्लेटवर मऊ रबर लावून भांडं टेलस्टॉकने (लेथच्या समोरच्या टोकाने) दाबून धरलं आणि खुंट सारखा केला. पुढची कातणी सावकाश. वाळलेल्या फणसाच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे समोरासमोरच्या दोन जागी, जिथे रेषांची टोकं वर येतात, लाकूड उचकटतं. उपाय एकच: गाउजला ताजी धार, बेव्हल (धारेमागचा उतार) लाकडाला टेकलेला, आणि शेवटचे हात कागदाइतके पातळ. पॉलिश पेपर ८० पासून ३२० पर्यंत. मध्ये गरम पाण्याने पुसून, वाळवून, उठलेली लव पुन्हा घासली. रोज ओलं होणाऱ्या भांड्याला ही पायरी टाळू नये. बूड मध्यभागी किंचित खोल केलं, म्हणजे भांडं कडेच्या कड्यावर बसतं आणि लाकूड जरा हललं तरी डुगडुगत नाही.

सावंतवाडीच्या लाकूड कातणाऱ्या कारागिरांसारखी लाख चढवावी असा मोह झाला होता. खेळण्यांवर ती चकाकी अप्रतिम दिसते. पण आमच्याकडे तांदळाची उकड काढून कढत पीठच मळतात, आणि लाख उष्णतेने मऊ पडते. म्हणून घाण्यावरचं जवसाचं तेल. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' तेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार असतात. खोबरेल वाळतच नाही. पातळ हात द्यायचा, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं, आणि ती फडकी चुरगळून टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. मी ती अंगणातल्या दोरीवर पसरून वाळवतो.

बुडाखाली गावाचं नाव आणि 'शके १९४६' डागलंय, झाड उतरवलं ते साल. पिवळा रंग उजेडाने हळूहळू तपकिरी होईल, जुन्या दारांचा झालाय तसा. तेल पूर्ण मुरायला अजून काही आठवडे द्यायचे आहेत. ओंडक्याचा दुसरा अर्धा भाग कच्चा कातून त्याच कोपऱ्यात वाळतोय, तो ताईकडे सोलापूरला जाईल. तिच्याकडे ज्वारीची भाकरी मोठी असते, म्हणून त्याचा तळ अकरा इंचांचा धरलाय.