आठशेची नोंदवही : लाल टोपणांनी घातलेला घोळ

माझ्या मारुती आठशेच्या ब्रेकचं काम मागच्या खेपेला आटोपलं. या शनिवारी चारही चाकांत हवा बघायची आणि गाडी भाट्याच्या पुलापर्यंत फिरवून आणायची, एवढाच बेत होता. पण तासाभरात पुढचं डावं चाक रिमवर बसलं. पंक्चर नव्हतं, चाकात हवा भरायची रबरी नळी, म्हणजे व्हॉल्व, मीच तोडला.

तीन पावसाळ्यांपूर्वी हौसेनं व्हॉल्वच्या तोंडांवर लाल ॲल्युमिनियमची टोपणं लावली होती. फोटोत झकास दिसतात. परवा बोटांनी फिरवून पाहिलं तर एकही हलेना, कडेला पांढरी भुकटी साचलेली. मी आपली पक्कड लावली आणि जोर दिला. टोपण जागचं हललं नाही, व्हॉल्वची रबरी मानच पिळवटली, रिमलगत फाटली आणि फस्सकन सगळी हवा बाहेर.

भुकटी म्हणजे काय ते इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल, तरी लिहितो. व्हॉल्वच्या रबराच्या आत नळी पितळेची असते आणि आटेही पितळेचे. त्यावर ॲल्युमिनियम चढवलं आणि मध्ये खारी ओल शिरली की त्याची बॅटरीच बनते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. शिवाय झिजून होणारी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणजे आट्यांत पाचर ठोकल्यासारखंच. आमचं घर समुद्रापासून दोन किलोमीटरच्या आत. इथे खिडकीचे गज टिकत नाहीत, टोपणं कुठली टिकणार! स्टेपनीवर मात्र कंपनीचं काळं प्लास्टिकचं टोपण होतं, ते दोन बोटांत निघालं. (स्टेपनी डिकीत झाकलेली असते, तेव्हा तुलना तशी न्याय्य नाही, हे कबूल.)

उरलेल्या तीन चाकांवर शहाणपणानं वागलो. आटे सुटवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी टोपणावर कढत पाणी ओतलं, कारण ॲल्युमिनियम पितळेपेक्षा किंचित जास्त फुगतं. मग एका पकडीनं टोपणाखालचा व्हॉल्व घट्ट धरला आणि दुसरीनं टोपण फिरवलं. मान पिळू द्यायची नाही, सगळी गोम तिथेच. अशी दोन निघाली. तिसऱ्याला हॅक्सॉच्या पात्यानं उभी चीर दिली, चिरेत स्क्रूड्रायव्हर घालून फाकवलं. आट्यांना ओरखडासुद्धा नाही. अर्धा तास स्वतःवरच खूष होतो.

मग साबणाचं पाणी लावून व्हॉल्व बाजूला वाकवून पाहिले. तिन्हींच्या बुडाशी बारीक भेगा, एकातून बुडबुडे. वाचवलेल्या आट्यांचा उपयोग शून्य. टायर दोन वर्षांपूर्वी नवे घातले होते, पण दुकानदारानं व्हॉल्व जुनेच ठेवलेले, आणि मीही विचारलं नाही. टायर बदलताना रबरी व्हॉल्व बदलायचाच असतो, किंमत चहा-वड्याएवढी.

आपल्या रिमचं भोक साधारण साडेअकरा मिलिमीटरचं, त्याला ४१३ नंबरचा व्हॉल्व चालतो. टायर पूर्ण उतरवावा लागत नाही. आधी टायरवर व्हॉल्वसमोर खडूनं खूण केली, म्हणजे टायर पुन्हा त्याच जागी बसेल आणि चाकाचं बॅलन्सिंग बिघडणार नाही. उरलेली हवा सोडली, शेजाऱ्याच्या बोलेरोच्या चासीखाली चाक आडवं ठेवलं आणि मध्ये जॅक लावून टायरची बाहेरची कड रिमपासून सोडवली. टायर खाली दाबून धरला की हात आत जातो. जुना व्हॉल्व सुरीनं कापला. भोकाच्या कडेला गंजाची खवलं होती, ती पॉलिश पेपरनं साफ केली. ती तशीच राहिली असती तर नवा व्हॉल्वही गळला असता. साबण लावून नवा आतून घातला आणि बाहेरून खेचला. ‘टप्प’ असा आवाज आला म्हणजे बसला.

कड पुन्हा बसवायला पायपंप कुचकामी ठरला. दोन चाकं स्कूटरवरून पंक्चरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी व्हॉल्वची पिन (हवा अडवणारा आतला बारीक भाग) काढली, टायरभोवती दोर आवळला आणि कंप्रेसर लावला. पिन नसली की हवा धबाधबा आत जाते. दोन ठोके ऐकू आले, कड बसली. काका म्हणाले, “पक्कड लावण्याआधी आणलीत असती, तर चहा पाजून पाठवलं असतं.” बाकीची दोन दुपारी नेली.

मिशिगनमधल्या चुलतभावाला हे सांगितलं तर तो हसलाच. तिथे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, आणि त्याच्या गाडीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर व्हॉल्वलाच जोडलेला. तो व्हॉल्व ॲल्युमिनियमचा, त्यात कोणीतरी साधी पितळी पिन घातली. ती आत घट्ट अडकून बसली, काढताना व्हॉल्व मोडला. अशा व्हॉल्वला निकेलचा मुलामा दिलेली पिनच लागते. आपल्याकडेही सेन्सरवाल्या गाड्या वाढल्यात, तेव्हा पिन बदलताना बघून घ्या.

रविवारी रात्री चारही चाकांत ३० पीएसआय भरलं, सोमवारी सकाळी ३०च. वर काळी प्लास्टिकची टोपणं. स्टेपनीचा व्हॉल्व राहिलाय. दुकानात ४१३ संपले होते, ४१४ होता, पण तो ४१३ पेक्षा साधारण सहा मिलिमीटरनं जास्त लांब. घेतला नाही. पुढच्या शनिवारी बघू.