जुनी भिंत, सिमेंट आणि चुना

गिरगावातल्या वाड्यांमधली चुन्यात बांधलेली घरं दुरुस्तीला काढली की मिस्त्री पहिल्यांदा सिमेंटच मागवतो. तिथेच अडवा. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर सोडते. वरून सिमेंटचा गिलावा बसला की ओल आतच कोंडते, भिंतीत वर चढते, क्षार गिलाव्यामागे साचून फुगतात आणि दोन-चार वर्षांत विटेची पापुद्र्यासकट खपली निघते. मग त्यावर 'वॉटरप्रूफ' रंग. रोग तोच, फक्त झाकलेला.

सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीनेच काढा. ब्रेकरच्या हादऱ्याने जुन्या सांध्यांतला चुना सुटतो. सांधे १५ ते २० मिमी खोल उकरा, क्षार कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतलेत तर ते विरघळून परत आत जातात. माल कालवताना एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग नदीची वाळू. खाडीची रेती नको, तिच्यात मीठ असतं. चुना भिजवून किमान दोन आठवडे मुरू द्या. न विरलेला खडा राहिला तर महिन्यांनंतरही भिंतीवर फोड येतो. भिंत आधी चिंब करा. थर १० ते १२ मिमी. जाड थापलात तर तडे जाणारच. आठवडाभर ओली गोणपाटं हवीत. ठेकेदार इथेच घाई करतो. काम दिवाळीनंतर काढा आणि वर चुन्याचीच सफेदी द्या, प्लास्टिक पेंट नको.

तुळया मधोमध क्वचित कुजतात, कुजतात त्या भिंतीत घुसलेल्या टोकाशी. टोच्या खुपसून बघा. सहज आत गेला तर आधी वरची मोरी किंवा पन्हळ गळतेय का ते शोधा. टेकू देऊन कुजका भाग कापा, जुन्या बर्मा सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बोल्टने जोडा आणि खोबणीत टोकाभोवती हवेला बोटभर जागा ठेवा. खोबण सिमेंटने बुजवली की नवा तुकडाही कुजतो.

मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. नव्या कौलांची खाच जुन्यांत नीट बसत नाही, म्हणून धड निघालेली जुनी रस्त्याकडच्या पाख्यावर एकत्र लावा, नवी मागे.

घर किंवा परिसर हेरिटेज यादीत आहे का, हे पालिकेत आधी बघा. यादीत असेल तर खिडकीची झडपं बदलून ॲल्युमिनियम लावण्याआधीही विचारावं लागतं.