माजी सैनिकांचा व्यायाम आणि व्हीआर खेळ

सैन्यात असेपर्यंत व्यायाम करायचा की नाही, हा प्रश्नच नसतो. पहाटेची पीटी, मैदानावरची धाव आणि ठरावीक काळाने द्यावी लागणारी शारीरिक क्षमतेची चाचणी यांमुळे शरीर कसलेले राहते. निवृत्तीनंतर ही चौकट एका दिवसात सुटते आणि गुडघ्याच्या, कमरेच्या, खांद्याच्या जुन्या दुखापती तेवढ्या सोबत येतात. माझे वडील पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हा बदल मी घरातच पाहिला आहे. रोज चालायला जा, हा डॉक्टरांचा सल्ला योग्यच असतो. पण ज्याने उमेदीची सगळी वर्षे तुकडीबरोबर व्यायाम केला आणि ज्याला आता चालू लागताच गुडघ्यात कळ येते, त्याला एकट्याने फेऱ्या मारण्यात गोडी वाटत नाही. व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) खेळांकडे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट घालून आभासी जगात खेळायच्या खेळांकडे, मी याच अडचणीवरचा उपाय म्हणून पाहतो.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्याची जबाबदारी ‘व्हेटरन्स अफेअर्स’ या सरकारी खात्याकडे आहे आणि त्याच्या आरोग्यसेवेत सुमारे ९० लाख माजी सैनिकांची नोंद आहे. या खात्याच्या ‘व्हीए इमर्सिव्ह’ उपक्रमातून वेदना, चिंता आणि शारीरिक पुनर्वसन यांसाठी रुग्णालयांत व्हीआर हेडसेट वापरले जातात. या वाटेची सुरुवात बरीच आधी झाली होती. वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे आभासी जग तयार केले, ज्यात रुग्ण बर्फाच्या दरीतून जाताना हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. इराक आणि अफगाणिस्तानात भाजलेल्या अमेरिकी सैनिकांच्या जखमा साफ करताना ते वापरले गेले, तेव्हा काहींचे डोके आणि चेहराही भाजलेला असल्याने हेडसेट बांधता येईना. म्हणून यंत्राच्या हातासारख्या दांडीवर बसवलेला चष्मा त्यांच्या डोळ्यांसमोर धरण्यात आला. त्यामागचे तत्त्व सोपे आहे: वेदना जाणवण्यासाठीही लक्ष लागते आणि लक्ष मर्यादित असते, म्हणून ते खेळात गुंतले की वेदनेसाठी कमी उरते.

व्यायामाच्या खेळांत हेच तत्त्व कामी येते. ‘बीट सेबर’सारख्या खेळात संगीताच्या तालावर समोरून येणारे लाल-निळे ठोकळे दोन्ही हातांतल्या तलवारींनी कापायचे असतात. वडिलांना दुखऱ्या खांद्याचा हात वर उचलायला सांगितले की ते कानाच्या पातळीशी थांबत आणि मोजणी सुरू होण्याआधीच तोंड वाकडे करत. खुर्चीवर बसवून हा खेळ लावून दिला, तेव्हा तोच हात ठोकळ्यामागे डोक्याच्या वर गेला, आणि गाणे संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न गुणांचा विचारला. खांदा बरा झाला असा याचा अर्थ नाही, आणि खेळाच्या भरात दुखऱ्या सांध्यावर ताण वाढू शकतो, म्हणून वेळेची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी लागते. साधारण अर्धा किलो वजनाचा हेडसेट मानेवर येतो आणि घामाने चेहऱ्याजवळचा फोम ओला होतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. डोळ्यांना हालचाल दिसते पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, अशा खेळांत मळमळ होते. त्यामुळे आपण जागेवरच राहतो आणि वस्तू आपल्याकडे येतात, असे खेळ आधी निवडावेत.

ज्यांना युद्धाच्या आघातानंतरचा मानसिक त्रास आहे, त्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. असे अनेक जण गर्दीच्या व्यायामशाळेत जायचे टाळतात, दाराकडे पाठ करून बसत नाहीत आणि मागे कोण आहे याचा सतत अंदाज घेत असतात. घरच्या खोलीत खेळता येणे ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे. पण हेडसेट घातला की खोली दिसेनाशी होते, आणि हेच त्यांना असह्य होऊ शकते. म्हणून आधी कॅमेऱ्यातून खोली दाखवणारी सोय चालू ठेवावी, आवाज कमी ठेवावा, पाठ भिंतीकडे असावी आणि न सांगता कोणीही अंगाला हात लावू नये. हेडसेट केव्हाही काढता येतो, हे त्यांना पहिल्याच वेळी स्वतः करून पाहू द्यावे.

पुण्यात खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. १९६५च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून जखमी सैनिक आणि खेळ यांचे नाते आपल्याला नवे नाही. व्हीलचेअरवरील सैनिकासाठी खेळ निवडताना मात्र वेगळी काळजी लागते. खेळात समोरून येणाऱ्या, खाली वाकायला लावणाऱ्या भिंती बंद कराव्या लागतात आणि लक्ष्यांची उंची बसलेल्या माणसाच्या मापाने ठेवावी लागते. चाके ढकलण्याचे सारे काम खांद्यांवर असते, त्यामुळे हात पुढे मारत राहण्याच्या खेळाने तेच स्नायू आणखी थकतात. कोपर मागे खेचण्याची, पाठीचा वरचा भाग वापरायला लावणारी हालचाल त्यांना अधिक हवी. बाजारातले बहुतेक खेळ उभ्या, धडधाकट माणसासाठी बनतात, आणि हा बदल फिजिओथेरपिस्टला सोबत घेतल्याशिवाय होणार नाही. आपल्याकडच्या खेळ बनवणाऱ्या तरुणांनी अशा केंद्रातल्या फिजिओथेरपिस्टबरोबर बसून एखादा बैठा खेळ तयार करावा, आणि गुणांबरोबरच खांदा किती अंशांपर्यंत वर गेला याची नोंद त्यात ठेवावी.