वरच्या मजल्याचं पाणी नव्हतंच

मी एसी दुरुस्त करतो. मला बोलावणं आलं तेव्हा ओल वरूनच येते म्हणून वरच्या फ्लॅटचं बाथरूम फोडून झालं होतं. नव्या टाइल्स, नवं वॉटरप्रूफिंग, सगळा खर्च वरच्या काकाजींचा. तरी मनीषनगरातल्या त्या बेडरूमची भिंत ओलीच, आणि दार उघडताच न वाळलेल्या सतरंजीसारखा वास. "एसीतून पाणी नाही गळत जी, वास तेवढा घालवून द्या," ताई म्हणाल्या.

एसी एप्रिलात बसवलेला. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पण हवा इतकी कोरडी की एसीच्या आतल्या थंड कॉइलवर पाणी धरतच नाही. उन्हाळ्यातल्या फिटिंगची चूक म्हणूनच तेव्हा दिसत नाही. जुलै लागला, कूलरने अंग चिकचिक करायला लागलं, लोक एसीकडे वळले, की आमचे फोन सुरू. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो.

माझ्याआधी एकाने पाण्याचा जेट मारून सर्व्हिस केली होती, दुसऱ्याने गॅस भरला होता. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, आणि ते न शोधता भरणारा माणूस गिऱ्हाइकाचे पैसे उडवतो.

एसीचं पाणी जमतं त्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतलं, ते सगळं नळीतून बाहेर पडलं. ड्रेनचा उतार बरोबर. मग भिंतीवर हात फिरवत गेलो. वरून झिरपणारं पाणी आधी छताला डाग पाडतं. इथे छत कोरडं होतं. ओलीचा पट्टा इनडोअरच्या, म्हणजे एसीच्या खोलीतल्या युनिटच्या, मागून निघून खिडकीकडे उतरत होता, नेमका तांब्याच्या पाइपांच्या वाटेने. हाताला गार लागत होता. ताईंना म्हटलं, दोन-तीन दिवस एसी लावू नका, वरचं बाथरूम चालू राहू द्या. पट्टा फिका पडला, तेव्हा छिन्नी घेतली.

जाड पाइपला रबर होतं, बारीक पाइप उघडा, आणि दोन्हींवर मिळून पांढरी टेप. हे पाहिलं की मला राग येतो. बारीक पाइपातून गरम लिक्विड जातं, असं अजून कित्येक फिटर धरून चालतात. घरगुती स्प्लिट एसीमध्ये लिक्विडचा दाब उतरवून ते थंड करणारा भाग, म्हणजे कॅपिलरी किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह, बहुधा बाहेरच्या आउटडोअर युनिटमध्येच असतो. म्हणजे बारीक पाइपही थंडगार. त्याला घाम सुटतो आणि प्लास्टर तो पितं. बाहेरच्या भोकाचं तोंडही बुजवलेलं नव्हतं, त्यामुळे पावसाळी हवा आत शिरतच होती. पुट्टीखाली काळी बुरशी धरली होती. वास तिचा.

गॅस आउटडोअरमध्ये उतरवून पाइप सोडले, दोन्हींना वेगवेगळं नायट्राइल रबर चढवलं, सांधे चिकटवले, पुन्हा जोडून आतली हवा खेचून व्हॅक्युम केलं, भोक बुजवलं. बुरशी खरवडून काढली आणि भिंत पूर्ण वाळल्याशिवाय लिंपू नका, असं बजावलं. उघड्या पाइपाचा फोटो काढून ठेवला, तो मी नेहमीच काढतो.

ताईंच्या साहेबांनी घासाघीस न करता पैसे दिले. मग दाराशी हळूच म्हणाले, "भाऊ, वर काही सांगू नका. झालं ते झालं."

काकाजी जिन्यातच उभे होते. "काय निघालं जी?"

त्या माणसाशी खोटं बोलवेना. एसीच्या पाइपाचं पाणी होतं, एवढं सांगितलं. ते कठड्याला धरून थांबले. "मग माझं बाथरूम काऊन फोडलं?"

ओल दिसली की वरच्याच्या नावाने बोट दाखवायचं, ही आपल्या अपार्टमेंटांतली रीतच झाली आहे. इथे भिंतीला कोणी हातसुद्धा लावून पाहिला नव्हता. पेन्शनीतून झालेला तो खर्च परत मिळायला हवा, असं मला वाटतं. पण काम मला ताईंच्या घरून मिळालं, पैसेही तिथूनच आले. आता काकाजींनी तो फोटो मागितला आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवायला. अजून पाठवलेला नाही.