आधी आवाज, मग चित्र

शनिवार, ११ मार्च २०२३, रात्री

वाचनालयातला खिडकीजवळचा संगणक आज अखेर विंडोज ७ वरून विंडोज १० वर नेला. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स जानेवारी २०२० मध्येच थांबली होती, पण अडत काही नव्हतं म्हणून तसंच चाललं होतं. गेल्या महिन्यापासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर बसेनाशा झाल्या. परीक्षांचे अर्ज भरायला मुलं याच संगणकावर बसतात, त्यामुळे आता थांबण्यात अर्थ नव्हता.

यंत्र २०१२ च्या पिढीचं आहे, कोअर आय५, तिसऱ्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद. पण यंत्र धडधाकट आहे. दोन जीबी रॅम होती ती आठ केली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. रॅम डीडीआर३, ती साताऱ्यात वापरलेली मिळाली. विंडोज कोरी बसवली. वाचनालयात वायफाय नाही, या संगणकाला तर वायफायचं कार्डही नाही, त्यामुळे सगळं इंटरनेटशिवायच झालं.

सुरू होताना लागणारा वेळ बघून ग्रंथपाल बाई खूश झाल्या. पण पडद्यावर नजर गेली तर अक्षरं आडवी ताणलेली, कडा भुरकट. मॉनिटर १९२० बाय १०८० चा आणि चित्र १०२४ बाय ७६८ चं. संगणकातल्या सगळ्या साधनांची यादी दाखवणारं विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर उघडलं. डिस्प्ले अडॅप्टर्सच्या खाली नाव होतं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. ड्रायव्हर म्हणजे चिप कशी चालवायची हे विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर. विंडोजला ग्राफिक्सची चिप ओळखता आली नाही की ती हा कामचलाऊ ड्रायव्हर लावते. त्यावर चित्र दिसतं, पण चिप नुसती बसून राहते आणि पडद्यावरचं सगळं रेखाटण्याचं ओझं प्रोसेसरवर पडतं. व्हिडिओ लावला तर अडखळत चालला. बंद करायच्या मेनूतून ‘स्लीप’सुद्धा गायब. ड्रायव्हर कामचलाऊ आहे हे ओळखायची ती एक चांगली खूण आहे, कारण या ड्रायव्हरवर यंत्राला झोपवता येत नाही.

एवढ्यात सायली आली. सायली बारावी झालेली, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिला दिसत नाही. ती संगणक वापरते तो एनव्हीडीएच्या आधारावर. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर, फुकट आणि मुक्त. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणाने ते लिहायला घेतलं, आणि त्यालाही दिसत नाही. त्यात ई-स्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज आहे. सायली तो इतक्या वेगात लावते की माझ्या कानाला नुसती टिकटिक ऐकू येते. ती मात्र त्या वेगात पूर्ण प्रकरण ऐकून टिपणं काढते.

तिने नेहमीप्रमाणे हेडफोनची पिन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात घातली, एनव्हीडीए सुरू करायला कंट्रोल, ऑल्ट, एन दाबलं आणि थांबली.

“सर, बोलत नाहीये.”

मी पिन काढून मागच्या हिरव्या भोकात लावली. बोलायला लागलं. म्हणजे आवाजाची चिप ठीक होती, फक्त पुढचा जॅक मुका होता. मागे लावल्यावर वायर पुरेना, तिला कॅबिनेटकडे झुकून बसावं लागलं. तरी ती म्हणाली, “चालेल सर, आज एवढं होऊ दे.” तिचं काम सुरू झालं आणि मी मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडून त्याचं इंटरनेट संगणकाला दिलं. हे विंडोज १० मध्ये कुठल्याही वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं. नेटवर्क कार्डही ओळखलं गेलं नसेल तर हाच मार्ग.

विंडोज अपडेटने नेट मिळताच ग्राफिक्सचा ड्रायव्हर उतरवायला घेतला. तो बसत असताना पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि अक्षरं एकदम रेखीव. पडदा सुधारला त्याच क्षणी सायलीने हेडफोन कानावरून काढले.

“सर, मधेच गेला आवाज. शब्द अर्धा राहिला.”

मला चित्र मिळालं आणि तिचा संगणक बंद पडला, दोन्ही एकाच सेकंदाला. हे मला फार लागलं. पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत होतं, शेजारून जाणाऱ्या कोणालाही हे यंत्र दुरुस्त झालंय असंच वाटलं असतं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. एचडीएमआयच्या एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरबरोबर ‘डिस्प्ले ऑडिओ’ नावाचा आवाजाचा ड्रायव्हरही येतो. कामचलाऊ ड्रायव्हर असताना ही वाट बंद होती. खरा ड्रायव्हर आला, वाट उघडली, विंडोजला मॉनिटर हे आवाजाचं नवं साधन दिसलं आणि तिने तेच मुख्य ठरवून टाकलं. आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. आवाज त्या वायरीतून जात होता, ऐकायला पलीकडे काही नव्हतं.

आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन मुख्य साधन पुन्हा ‘स्पीकर्स’ केलं. एवढ्यावर सोडलं नाही, कारण उद्या कोणी दुसरा मॉनिटर जोडला की हेच पुन्हा होईल. एनव्हीडीएत सिंथेसायझर, म्हणजे बोलणारा आवाज, निवडायची चौकट आहे (एनव्हीडीएची कळ, कंट्रोल आणि एस), तिच्यात आवाज कुठे पाठवायचा हे वेगळं ठरवता येतं. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट साउंड मॅपर’ होतं, म्हणजे विंडोज नेईल तिकडे जा. ते बदलून थेट स्पीकर्सचं नाव दिलं. ही चौकट सायलीने स्वतः कळा दाबून उघडली, मी फक्त कुठलं नाव निवडायचं ते सांगितलं. पुढच्या वेळी मी नसलो तरी तिला ते करता यायला हवं.

रविवार, १२ मार्च

सुट्टी होती, तरी बाईंकडून किल्ली आणली. पुढचा जॅक डोक्यातून जात नव्हता.

विंडोज ७ वर तो चालायचा, मग १० वर का नाही? झाकण उघडलं. पुढच्या जॅकपासून निघालेली वायर मदरबोर्डला जिथे जोडली आहे तिथल्या काळ्या प्लगवर बारीक अक्षरांत ‘एसी ९७’ लिहिलेलं. तिथेच उलगडा झाला. एसी ९७ हे संगणकातल्या आवाजाचं १९९७ चं मानक. २००४ मध्ये इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओ आणलं. नव्या पद्धतीत पिन आत गेली की जॅक तसं चिपला कळवतो. जुन्या पद्धतीच्या पॅनेलला ते कळवताच येत नाही. मदरबोर्ड २०१२ चा असला तरी कॅबिनेट त्याहून जुनं, कोणीतरी पूर्वीच्या संगणकाचं वापरलेलं. बऱ्याच कॅबिनेटांत या वायरीला दोन प्लग असतात, एसी ९७ आणि एचडी ऑडिओ, तसं असतं तर प्लग बदलून भागलं असतं. इथे एकच होता.

विंडोजने आपणहून लावलेला आवाजाचा ड्रायव्हर सर्वसाधारण आहे, ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ या नावाचा. तो जॅककडून निरोप येण्याची वाट बघतो. निरोप येणारच नाही, म्हणून त्याच्या लेखी पुढे हेडफोन लावलेलाच नाही. विंडोज ७ वर पूर्वी कोणीतरी चिपच्या कंपनीचा ड्रायव्हर बसवून त्यात ही तपासणी बंद केली असणार. नव्या डिस्कवर कोरी विंडोज बसली आणि ती एक खूणही जुन्या डिस्कबरोबर गेली. काही मदरबोर्डांत हा पर्याय बायोसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) असतो, याच्या बायोसमध्ये दिसला नाही.

आता ड्रायव्हर शोधायचा तर चिप कोणती ते आधी माहीत हवं. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या साधनावर उजवं बटण, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. एक लांबलचक ओळ येते. तिच्यात ‘व्हेन’च्या पुढची चार अक्षरं बनवणाऱ्याची आणि ‘डेव्ह’च्या पुढची चार त्या चिपची. ८०८६ म्हणजे इंटेल, १९७८ मधल्या त्यांच्या प्रोसेसरचाच आकडा. १००२ एएमडी, १०डीई एनव्हीडिया, १०ईसी रिअलटेक. आमच्याकडे आलं १०ईसी आणि ०८८७, म्हणजे रिअलटेकची एएलसी ८८७. पिवळा त्रिकोण असलेलं ‘अननोन डिव्हाइस’सुद्धा या ओळीवरून ओळखता येतं. संगणकाच्या डब्यावर काय छापलंय, विकणाऱ्याने काय सांगितलं, यापेक्षा ही ओळ मी खरी मानतो.

मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरून या मॉडेलचा आवाजाचा ड्रायव्हर घेतला. बसवला, यंत्र पुन्हा चालू केलं. रिअलटेकच्या मॅनेजरमध्ये उजवीकडे वर एक छोटं पिवळं फोल्डरचं चित्र असतं, नजरेत भरत नाही. त्यात ‘डिसेबल फ्रंट पॅनेल जॅक डिटेक्शन’ असा चौकोन. तिथे टिक केली. पुढे पिन घातली आणि कंट्रोल, ऑल्ट, एन.

बोललं!

मंगळवार, १४ मार्च

सायली येऊन गेली. सरळ बसून दोन तास काम केलं तिने. जाताना म्हणाली, “सर, आधीपेक्षा लगेच बोलतं आता. कळ दाबली की लगेच.” एसएसडी आणि रॅमचा गुण, पण तिच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी एका मुलाने विचारलं, सर, इंटरनेटवर ड्रायव्हर अपडेट करणारं सॉफ्टवेअर मिळतं, एका बटणात सगळं होतं, ते का नाही टाकलं? त्याला समोर बसवून दाखवलं. असली सॉफ्टवेअर यंत्र तपासतात आणि ड्रायव्हर जुने झालेत म्हणून लाल यादी दाखवतात. जुनं ठरवतात बहुधा तारखेवरून. आणि तारीख इथे वय सांगत नाही. मी त्याला दुसऱ्या संगणकावर विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरची तारीख बघायला लावली. २१ जून २००६. विंडोज १० यायला त्यानंतर नऊ वर्षं लागली, तरी आतल्या ड्रायव्हरवर ही तारीख. ती मुद्दाम घातलेली आहे. एकाच साधनाला दोन ड्रायव्हर सारखेच जुळले तर विंडोज ज्याची तारीख नवी तो घेते. आपल्या सर्वसाधारण ड्रायव्हरने त्या यंत्रासाठी खास लिहिलेल्या ड्रायव्हरची जागा घेऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या ड्रायव्हरवर व्हिस्टाच्या, म्हणजे विंडोज ७ च्या आधीच्या विंडोजच्या, काळातली तारीख घातली. मला हा विचार फार आवडतो. ज्याने हे यंत्र जवळून पाहिलंय त्याच्या ड्रायव्हरला पहिला मान.

म्हणूनच तारखेने नवा ड्रायव्हर मिळाला की बसव, हे मला पटत नाही. चित्र, आवाज, स्लीप, पुढचा जॅक, मागचा जॅक, सगळं नीट चालत असेल तर ड्रायव्हर २०१३ चा असला तरी राहू द्यावा. आणि काही चालत नसेल तर चिप ओळखून त्या चिपचा, त्या मदरबोर्डचा ड्रायव्हर शोधावा. त्यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्यावा. अनोळखी सॉफ्टवेअरने घातलेला ड्रायव्हर कुठल्या यंत्रासाठी लिहिलाय हे त्या सॉफ्टवेअरलाही ठाऊक नसतं, आणि ज्या संगणकावर दहावीची मुलं आपला आधार क्रमांक टाकतात तिथे मी ते येऊ देणार नाही.

आज आणखी एक काम उरकलं. विंडोजमध्येच पीएनपीयूटिल नावाची आज्ञा आहे. तिला एक्स्पोर्ट-ड्रायव्हर सांगून, पुढे ‘सगळे’ या अर्थाची फुली (*) आणि फोल्डरचं नाव दिलं की बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये उतरतात. ते पेनड्राइव्हवर घेतले. जुन्या यंत्रांची पानं कंपन्यांच्या साइटवरून कधी निघून जातील सांगता येत नाही, आणि पान गेलं की चालतं यंत्र भंगारात जायला फार वेळ लागत नाही. पेनड्राइव्ह बाईंच्या कपाटात ठेवला. सोबत वहीच्या कागदावर लिहून दिलं: चिपचा क्रमांक, जॅक डिटेक्शनची टिक कुठे आहे, एनव्हीडीएचा आवाज कुठे पाठवायचा. बाईंनी तो कागद दाखल-नोंदवहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला.

कार्यकारिणीसमोर दोन गोष्टी मांडायच्या आहेत. एक, विंडोज १० ची मुदत ऑक्टोबर २०२५ पर्यंत आहे, त्यानंतर या यंत्राचं काय याचा विचार आतापासून हवा. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकून बघायचं माझ्या मनात आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर आतच असतो, आणि तिथे ऑर्का नावाचा, एनव्हीडीएसारखाच पडदा वाचून दाखवणारा, स्क्रीन रीडर आहे. पण सायलीचा हात एनव्हीडीएवर बसलेला, तेव्हा तिने महिनाभर वापरून पाहिल्याशिवाय काही ठरवायचं नाही. दुसरं, इथून पुढे वाचनालयातल्या कुठल्याही संगणकात बदल केला की तो तपासताना पहिल्यांदा पुढच्या जॅकला हेडफोन लावून एनव्हीडीए चालू करायचं. पडदा नंतर बघू. कार्यवाह फोनवर म्हणाले, “लिहून आणा, ठराव घेऊ.”

दुसऱ्या संगणकाची रॅम गुरुवारी येते आहे.